सुटं ठाण

फसलात ना? — अहो, ओशाळू नका ताई, सगळेच हात घालतात तिथं. परवा लिफ्ट तपासायला एक माणूस आला होता, चांगला धट्टाकट्टा, मिशीवाला — तो तर ते वरचं निळं ठाण ओढायला गेला आणि नखं आपटून घेतली, वर माझ्यावरच डाफरला, की कापड असं पडायला आल्यासारखं का रचता म्हणून. रंग आहे ताई. नुसता रंग. फळ्या नाहीत, ठाणं नाहीत, ती घडी सुटून लोंबतेय ना, तीसुद्धा नाही. मागे दार आहे. हो हो, दार — तुम्ही आत्ता आत आलात तेच. बाहेरून साधं दिसलं असेल, मूठबीठ सगळं जिथल्या तिथं, आणि आत येऊन मागे वळलात तर कापडाचं दुकान! आता हाताला लागलं ना सपाट? कळलं ना? मग पुन्हा बघा. नीट बघा. — दिसतंय ना तरीही पुढं आलेलं? तेच तर म्हणतेय मी, कळून काही उपयोग होत नाही. मी स्वतः रंगवलंय हे, कुठली सावली कुठल्या ब्रशनं मारली ते मला तोंडपाठ आहे, आणि तरी हातात रंगाचा डबा असला की माझा हात आपोआप जातो त्या फळीवर ठेवायला. एकदा ठेवलाही. आख्खा डबा पायावर.

बसा ना. मॅडम फोनवर आहेत, येतीलच. बाकावर बसा, तो स्टूल डुगडुगतो. मी काम करता करता बोलले तर चालेल ना? — थांबता येणार नाही हो, दुपारच्या चहाच्या आत हे सगळं पुसून व्हायला हवं. म्हणजे पुसून नाही, वरून हा भिंतीचा रंग मारायचा. खालच्या दोन फळ्या झाल्या बघा. कशी भिंतच वाटते ना? मॅडमना भिंतच हवीय आता. आधी म्हणाल्या होत्या काहीतरी छान काढ, घरगुती, शांत — आता म्हणतात भिंत काढ. मी पाट्या रंगवते, दुकानांच्या, शाळांच्या, मला काय, सांगतील ते — बाई गं! — ट्रॉली होती. काय दचकले. माझं हे असंच आहे, कपबशी वाजली तरी छातीत धस्स होतं, लक्ष देऊ नका.

तुम्ही सासूबाईंसाठी आलात ना? मगाशी मावशी म्हणाल्या. मग तुम्हाला माहीतच असेल, इथं ठेवलेल्या या विसरभोळ्या म्हाताऱ्यांना दार दिसलं की जायचं असतं. कुणाला ऑफिसला उशीर झालेला असतो, कुणाला शाळेतून मुलांना आणायचं असतं — आणि मुलं पन्नाशीला आलेली. दार बंद दिसलं की बडवतात, रडतात, ऐकवत नाही. आणि या खालच्या मजल्यावर कुलूप लावता येत नाही, बाहेर पडायचं हे एकच दार, आगीचा नियम आहे. मग काय करायचं? दारच दिसू द्यायचं नाही. दार दिसलं नाही की जायचं आठवत नाही, इतकं सोपं आहे ते. डोळ्यांत धूळ फेकणंच आहे, हो, पण निदान रडत तरी नाहीत. बँकेतल्या आजी आहेत ना, त्या आधी दारापाशी तासन्‌तास उभ्या राहून मॅनेजरला शिव्या घालायच्या. आता येतात, दुकान बघतात, विचारतात मालक जेवायला गेलेत का. मावशी म्हणतात, हो, जेवून झोपणार आहेत. की आजी परत जातात, म्हणतात, म्हणूनच यांचा धंदा होत नाही. तुमच्या सासूबाईंनाही चालेल हे. सगळ्यांनाच चाललं. एकच जण आहेत, त्यांना नाही चाललं.

आहेत एक. कापडाच्या दुकानात होते, सगळा जन्म. मालक नाही, विकणारे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी त्यांना कळायचं काय हवंय, आणि मागे न बघता हात वर जायचा, बरोबर त्याच ठाणावर. बघायचेच नाहीत हो. गिऱ्हाइकाकडे बघत हसत असायचे आणि हात मागच्या मागे चार बोटं ठाणाच्या खाली घालून असं ओढायचा, की ठाण खांद्यावरून येऊन समोर धप्पकन उलगडायचं. मी शाळेतून आले की गल्ल्याशेजारी बसून बघत राहायची, आणि बाबा मला —

हो. माझे बाबा. सांगणार नव्हते खरं तर. मॅडम म्हणतात नवीन लोकांशी घरचं बोलत जाऊ नकोस, ते घाबरतात. तुम्ही घाबरला नाहीत ना? नाही, घाबरण्यासारखं काही नाहीच यात. मला दार रंगवायला सांगितलं तेव्हा बाबा इथं नवे होते, आणि मला वाटलं — म्हणजे फुलं काढण्यापेक्षा काहीतरी त्यांच्या ओळखीचं काढू. त्यांना घरच्यासारखं वाटेल. इतकंच. बाकीच्यांना फळ्या म्हणजे दार नाही, म्हणजे वाट संपली, वळा मागे. आणि बाबांना? फळ्या म्हणजे हात घाल आणि ओढ! आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी, एवढं कळू नये? — नाही म्हणत? मी म्हणते. रोज म्हणते. आणि ती खाच — या दाराला आतून मूठ नाही, खाच आहे, मावशी लोकांना बोटं घालून ओढायला. ती लपवायची होती. आता लपवायला सावलीसारखी जागा नाही, आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात. दोन ठाणांमधली फट, तिथं गडद सावली, तिच्यात खाच कुणाला दिसणार? कुणालाच दिसली नाही. मॅडमना स्वतःला सापडेना. पण ठाण ओढणारा माणूस बोटं कुठं घालतो? तिथंच घालतो ना. फटीतच घालतो. लहानपणापासून बघितलंय की मी.

पहिले कितीतरी दिवस त्यांनी सगळी ठाणं ओढून बघितली. वरची, मधली. नखं लागायची, हात घसरायचा. मागे वळून मावशींना म्हणायचे, माल चिकटलाय सगळा, दमट ठेवलाय कुणीतरी. मावशी हसायच्या, मला म्हणायच्या, तुझ्या बाबांना खरंच एक दुकान टाकून दे बाई, हे रंगाचं बरं नव्हे. मीही हसायची. आणि मग एक दिवस त्यांचा हात त्या विटकरी ठाणाखाली गेला — ते, कमरेच्या वर, हो, तेच जे अजून राहिलंय — आणि ते आलं. ओढलं आणि आलं! ठाणाबरोबर दुकानच आलं, दार उघडलं आणि समोर रस्ता. तुम्ही काय केलं असतंत? ते गेले. गिऱ्हाईक शोधत गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सापडले, रांगेत बसलेल्या बायकांना विचारत होते, काय दाखवू ताई?

मग मॅडमनी दारासमोर काळं पायपुसणं टाकलं. काळं टाकलं की यांना खड्डा वाटतो, तुम्हाला माहितीये? खरंच. मास्तर आहेत ना, उंच, टोपीवाले, ते काठावर येऊन थांबतात, खाली वाकून बघतात आणि दुसऱ्यांना सांगतात, पुढे जाऊ नका, खोल आहे. बँकेतल्या आजी तर तिथं फिरकेनाशा झाल्या. आणि बाबा? बाबा वाकले, कोपरा चिमटीत धरला, बोटांत चोळला, आणि म्हणाले, ताग आहे, भेसळ आहे. आणि त्याच्यावरून चालत जाऊन विटकरी ठाण ओढलं. तेव्हा तर गाड्यांच्या मधोमध सापडले. हात वर करून उभे होते, सगळीकडे हॉर्न, आणि ते एकेका गाडीला थांबा म्हणतायत, थांबा, मालकांना विचारून भाव सांगतो. मला फोन आला तेव्हा मी शिडीवर होते. कशी उतरले मला आठवत नाही, पोचले तेव्हा ते अजून तिथंच उभे होते.

म्हणून हे. मॅडम वाईट नाहीत हो. त्यांनी सरळ सांगितलं, आता पुन्हा त्यांचा हात त्या दाराला लागला तर मला त्यांना वर हलवावं लागेल. वर म्हणजे वरचा मजला. तिथं कुलपं चालतात, आकडे दाबायची. तुम्हाला नाही दाखवणार तो, तुम्ही मागितलंत तरी दुसऱ्या दिवशी या म्हणतील. मी एकदा गेले होते, एक पाटी लावायला. सगळे खुर्च्यांत बसलेले असतात, आणि खुर्चीला पुढून एक पाट अडकवलेला असतो, त्याला टेबल म्हणतात. टेबल कसलं! त्यावर काही नसतंच. उठता येऊ नये म्हणून असतं ते. आणि भेटायला रविवारी, तेही खाली आणून. दादा फोनवर म्हणाला, असू दे ना, सुरक्षित तरी राहतील. बरोबर आहे त्याचं. गाड्यांमध्ये बघितलंय का त्यानं त्यांना? नाही. मी बघितलंय. मी तर म्हणायला हवं, आजच न्या वर. मला म्हणवत नाही.

जरा तो ओला फडका देता? — थँक्यू.

तर आज परीक्षा आहे. चहा झाला की बाबा चालायला निघतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुकान उघडायला निघाल्यासारखे. मॅडम तिकडे त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहणार आणि बघणार. हात गेला तर वर. नाही गेला तर इथं. म्हणून चांगलं झालं पाहिजे, भिंत म्हणजे भिंत दिसली पाहिजे. दिसेल ना? तुम्ही तिथून बघा, डाव्या बाजूला कड दिसतेय का? — दिसतेय? कुठं? — अच्छा, ती. ती खरी कड आहे, दाराची. तिच्यावर एक रेघ लांबपर्यंत ओढते, फरशीपासून वर, म्हणजे भिंतीला तडा गेल्यासारखी वाटेल.

आमचे एक सर होते कॉलेजात. त्यांनी एकदा दोन गोल दाखवले होते, एकाच मापाचे. एकाभोवती मोठे मोठे गोल, दुसऱ्याभोवती बारके. बघितलं की दुसरा मोठा वाटतो. पट्टी लावून मोजलं, सारखेच. पट्टी काढली, पुन्हा मोठा. मग सर म्हणाले, आता तो उचलायला जा. लाकडाच्या चकत्या होत्या. आणि उचलताना म्हणे बोटं बरोबर तेवढीच उघडतात, जेवढी हवीत. डोळा फसतो, हात फसत नाही. आम्ही काय टाळ्या वाजवल्या! मला तर रडूच आलं होतं, का कोण जाणे, वाटलं चला, आपल्यातलं काहीतरी एक शहाणं आहे. नंतर कळलं त्यावरही पंडितांची भांडणं आहेत, काही म्हणतात हातही फसतो. फसतो. मी सांगते ना तुम्हाला. फसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शिकतो.

हे मी मॅडमना सांगितलेलं नाही. तुम्हीही — नको, जाऊ द्या.

नाही, म्हणजे तुम्ही सासूबाईंना आणणार असाल तर तुम्हाला कळायला हवं. बाबांच्या समोर चहाचा कप ठेवला ना, तर आता बोटं वळत नाहीत त्यांची. तळहात असा सपाट करतात आणि कपावरून फिरवतात, भिंत चाचपल्यासारखा. कप उलटतो. मग बघत बसतात, ओलं कुठून आलं. पोळीचं तसंच, चष्म्याचं तसंच. वस्तू समोर असते, दिसत असते, आणि हात पुढे जाऊन सपाट होतो. आता मावशी भरवतात. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं, मनाला लावून घेऊ नका. असेल. पण आजार आधीपासून होता ना? तेव्हा कप बरोबर धरायचे. बिस्किट बुडवून, पडायच्या आत तोंडात. हे सुरू झालं ते या दारानंतर. रोज एवढ्या ठाणांना हात घालायचा आणि रोज हाताला काय लागायचं? सपाट. मग हातानं काय समजायचं? की दिसतं ते सगळं असंच. काढलेलं. मी मागच्या आठवड्यात खरं कापड घेऊन आले, पॉपलिन, पांढरं, त्यांना आवडायचं तसं. मांडीवर पसरलं. कितीतरी वेळ बघत राहिले, मला वाटलं आता चिमटीत धरतील, आता पोत बघतील. तळहात फिरवला वरून, सपाट. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, छान काढलंयस. मी म्हटलं, बाबा, खरं आहे हे, धरून बघा. तर म्हणाले, हो, अगदी खऱ्यासारखं. आणि हसले. गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही म्हणून हसायचे ना, तसे.

मला नाही माहीत हो. तुम्हीच सांगा. त्यांचा हात जगात आता एकाच गोष्टीला धरतो. त्या विटकरी ठाणाला. तिथं गेला की चारही बोटं पहिल्यासारखी वळतात, मनगट वळतं, खांदा कसा सैल पडतो, वाटतं आत्ता मागे वळून म्हणतील, काय दाखवू. आणि तेवढंच मला आज पुसायचंय. हात गेला नाही तर ते इथं राहतील, आणि त्यांनी शेवटचंही सोडलं असं होईल. गेला तर — गेला तर वर, त्या पाटामागे. मी सकाळपासून रंग मारतेय आणि मला कळत नाहीये मी काय व्हायची वाट बघतेय. काल नीट जेवलेही नाही. तुम्हाला काय वाटतं? — नाही, नका सांगू. तुम्ही काही म्हणालात तरी मला तसंच वाटायला लागेल.

कप वाजले. चहा झाला वाटतं. सरकते मी — हे बघा, गेलं विटकरी. एक हात अजून. गेलं. आता कुठं होतं सांगा बरं? मलाही चाचपावं लागेल. फट नाही, सावली नाही, खाचेच्या आतही तोच रंग, सपाट दिसतेय. चांगलं झालंय ना? आयुष्यात एवढं सफाईनं काही केलं नव्हतं मी.

आले. ते बघा, करड्या स्वेटरमधले. चप्पल ओढत चालतात ना, ते. हाक नका मारू. माझ्याकडेही बघू नका, त्यांच्याकडेही नको, सहज बसल्यासारख्या बसा. मॅडम आल्या त्यांच्या दारात. — मास्तरांना नमस्कार केला. चाललेत. बघतायत इकडे. बघा ना चेहरा, काही ओळखीचं नाहीये त्यांना, कोरा आहे, भिंतीकडे बघावं तसे भिंतीकडे बघतायत. चाललेत, पुढे चाललेत. — गेले. गेले हो ताई! बघितलंच नाही त्यांनी. पुढे गेले. संपलं. बरं झालं. बरंच झालं ना? मी आता —

थांबले.

नाही. वळू नका बाबा. अहो, तिकडे बघतायत ते, मास्तरांकडे, मान मास्तरांकडे आहे, हसतायत त्यांच्याशी, आणि हात — बघत नाहीयेत हो! बघत नाहीयेत आणि हात मागे — बाबा! बाबा, मी आहे. इथं काही नाही, ही भिंत आहे. सोडा. — सोडा ना. — असा मी वरून हात ठेवलाय ना, तिथून मॅडमना दिसत नसेल. दिसत असेल का? तुम्ही जरा पुढे व्हा. आणखी. माझ्या समोर.

काय मॅडम? — नाही! नाही गेला! मीच धरलाय त्यांचा हात, रंग ओला आहे, लागेल म्हणून! — हो, सरळ पुढे गेले होते! या ताईंनी पण बघितलं! — हो, सांगते!

आत गेल्या. पटलं त्यांना. तुम्ही मान हलवलीत ना, मी बघितलं. तुमचे उपकार कसे — बोटं आत आहेत त्यांची, ताई. ओला रंग पुसत खाचेत गेलीत. ओढतायत. केवढी ताकद आहे, तुम्हाला कल्पना नाही, कप धरवत नाही या हातांना. उद्या मी पलीकडे शाळेच्या पाट्यांवर आहे. परवाही. इथं कुणी हात ठेवायला नसेल. — बाबा, हळू. — आणि ते माझ्याकडे बघून हसतायत हो, म्हणतायत, थोडं बाजूला व्हा ताई, काढून दाखवतो. मला ताई म्हणतायत.

नाही, तुम्ही कुठं निघालात? पर्स कशाला उचललीत? — घरी? या दारानं? अहो बाहेर पडायला दुसरं दार नाहीये इथं. तुम्हाला जायचं तर हेच उघडावं लागेल, आणि मी हात काढला की —

बसा. जरा वेळ बसा हो.